आवाज दाबणारे शस्त्र आणि लोकशाहीचा कायदा

(तिलवारा, जबलपूर येथील अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बंदुकीच्या तोंडाशी बसवायची वीतभर लांबीची एक धातूची नळी. तिच्यावर बंदी असावी की नसावी, हा प्रश्न वरवर पाहता आपल्यापासून फार दूरचा वाटतो. आपल्याकडे सायलेन्सर म्हटले की मोटारसायकलचे धूर सोडणारे नळकांडे डोळ्यांपुढे येते. बंदुकीचा सायलेन्सर बहुतेकांनी पाहिला असेल तो फक्त सिनेमात. परंतु २०२५ साली अमेरिकेच्या संसदेत या नळीवरून मोठा वाद झाला, तिच्यावरील एक्क्याण्णव वर्षांचा जुना कर रद्द झाला, आणि आज तेथील न्यायालयांत त्याविषयीचे खटले चालू आहेत. ज्या देशातील शस्त्र-उद्योग जगाच्या बाजारावर प्रभुत्व गाजवतो, त्या देशात आज जे घडते त्याचे पडसाद उद्या इतरत्र उमटतात. म्हणून या वादाकडे परक्याच्या घरचे भांडण म्हणून पाहून चालणार नाही.

शिवाय या प्रश्नाची चर्चा करण्यास तिलवाऱ्याइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. नर्मदेच्या या काठाजवळ मार्च १९३९ मध्ये त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि परकीय सत्तेला निर्वाणीचा इशारा द्यावा की नाही, यावर सुभाषचंद्र बोस व जुने नेतृत्व यांच्यात उघड संघर्ष झाला. याच घाटावर फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले. आणि येथून थोड्या अंतरावर १९०४ साली उभारलेली गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेली खमारियाची आयुधनिर्माणी, व्हेइकल फॅक्टरी, सेनेचा केंद्रीय आयुध डेपो अशी शस्त्रांची सारी दुनिया पसरलेली आहे. या शहरातील हजारो कुटुंबांची चूल शस्त्रांच्या कामावर पेटते. तेव्हा शस्त्र कोणी बनवावे, कोणाच्या हाती असावे, आणि ते चालले तर त्याचा आवाज जनतेला ऐकू यावा की नाही, हे प्रश्न जबलपूरच्या कामगाराला परके नाहीत.

वस्तू काय आहे

प्रथम वस्तूची नीट ओळख करून घेतली पाहिजे. गोळी सुटते तेव्हा दारूच्या स्फोटाने निर्माण झालेला अतितप्त वायू प्रचंड दाबाने नळीबाहेर येतो आणि एकाएकी पसरतो. बंदुकीचा धमाका तो हाच. सायलेन्सरच्या आत एकामागून एक पडदे बसवलेले असतात. त्यांच्यामधील कप्प्यांत वायू टप्प्याटप्प्याने पसरतो, थंड होतो, आणि मग बाहेर पडतो. मोटारगाडीच्या सायलेन्सरचे तत्त्व हेच आहे. दोन्ही यंत्रांच्या विकासाशी एकाच माणसाचे नाव जोडलेले आहे : अमेरिकन अभियंता हायराम पर्सी मॅक्झिम. त्याला बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट १९०९ साली मिळाले. त्याचे वडील हायराम स्टीव्हन्स मॅक्झिम यांनी जगाला मॅक्झिम मशीनगन दिली होती, आणि आफ्रिकेतील वसाहती जिंकताना साम्राज्यशाहीने ती मनसोक्त वापरली होती. बापाने बंदुकीचे तोंड न थांबता चालते केले, मुलाने त्या तोंडावर हात ठेवला.

सायलेन्सरने आवाज नाहीसा होतो, ही सिनेमाने पसरवलेली समजूत मात्र चुकीची आहे. साधारण रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. चांगला सायलेन्सर त्यातून २० ते ३५ डेसिबल कमी करतो. गोळी ध्वनीपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा, अधिक वेगाने जात असेल तर हवेत तिचा स्वतंत्र कडाका होतो. तो कोणत्याही नळीने दबत नाही. बंदीचे विरोधक हे वारंवार सांगतात, आणि त्यांचे हे म्हणणे खरे आहे. पण प्रश्न तेवढ्याने संपत नाही. जनतेच्या दृष्टीने आवाज किती मोठा, यापेक्षा तो गोळीचा आहे हे ओळखू येते का, आणि तो कोठून आला हे कळते का, हे अधिक महत्त्वाचे असते. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच या अमेरिकन शहरातील सरकारी कचेरीत सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाने बारा जणांची हत्या झाली. वाचलेल्यांपैकी काहींच्या वर्णनानुसार तो आवाज खिळे ठोकण्याच्या यंत्रासारखा होता. पळून जाण्याचे क्षण अशाच गैरसमजात निघून जातात.

अमेरिकेतील वाद आणि त्यातील हितसंबंध

अमेरिकेत १९३४ साली राष्ट्रीय अग्निशस्त्र कायदा झाला. दारूबंदीच्या काळात माजलेल्या टोळ्यांच्या मशीनगनला आवर घालणे हा त्याचा मुख्य हेतू. सायलेन्सर त्या कायद्यात आला, पण त्याविषयी त्या वेळी फारशी चर्चाही झाली नाही. बंदी घालण्याऐवजी प्रत्येक सायलेन्सरवर २०० डॉलर कर आणि सरकारदरबारी नोंदणी अशी व्यवस्था झाली. मंदीच्या त्या वर्षांत २०० डॉलर ही रक्कम जवळजवळ बंदीसारखीच होती. मात्र तो आकडा पुढे कधीच वाढला नाही. चलनवाढीने त्याची धार बोथट केली, आणि आता तेथे नोंदलेल्या सायलेन्सरची संख्या लाखांत मोजावी लागते. दरम्यान कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय यांसह आठ राज्यांनी सामान्य नागरिकांसाठी त्यावर सरळ बंदी ठेवली आहे.

२०२५ साली प्रतिनिधिगृहाने मे महिन्यात संमत केलेल्या अर्थविषयक विधेयकात सायलेन्सरला १९३४ च्या कायद्यातून पूर्णपणे वगळण्याची तरतूद होती. सिनेटच्या कार्यपद्धतीत ती बसली नाही. तेव्हा नोंदणी कायम ठेवून कर तेवढा शून्यावर आणला गेला. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि १ जानेवारी २०२६ पासून तो अमलात आला. लगेच दुसरे पाऊल पडले : हा कायदा कर गोळा करण्याच्या अधिकारावर उभा होता, आता करच राहिला नाही, तर नोंदणीला आधार काय, असे म्हणत बंदूक-संघटना व विक्रेते न्यायालयात गेले. ज्या भिंतीची वीट संसदेत काढली, ती भिंत पडायला आली आहे असे न्यायालयात सांगायचे, ही यातील युक्ती आहे.

या वादातील युक्तिवादांकडे बारकाईने पाहिले तर एक मौज दिसते. सायलेन्सरचे समर्थक संसदेत सांगतात की ही निरुपद्रवी उपकरणे आहेत, कान वाचवण्याचे साधन आहे. तेच लोक न्यायालयात सांगतात की सायलेन्सर हे शस्त्र आहे आणि म्हणून राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे. सरकारी पक्षाचीही तीच गत. कायद्याच्या व्याख्येत सायलेन्सर म्हणजे अग्निशस्त्र. न्यायालयात मात्र तो केवळ जोडभाग. २०२५ च्या फेब्रुवारीत पाचव्या विभागीय अपील न्यायालयाने सायलेन्सर हे घटनेच्या अर्थाने शस्त्र नाही असे म्हटले. त्याच वर्षी तो निर्णय बदलून, संरक्षण आहे असे क्षणभर मानले तरी नोंदणीची अट वैधच ठरते, अशी भूमिका घेतली. शब्दांच्या या कसरतीखाली खरा प्रश्न झाकला जातो. ज्या देशात २०२१ साली बंदुकीने ४८,००० हून अधिक माणसे मेली, तेथे शस्त्राचा बाजार आणखी एका वस्तूने वाढवावा की नाही, हा तो प्रश्न. बंदूक एकदा विकली की वर्षानुवर्षे टिकते. म्हणून तिच्या कारखानदाराला नवनवीन जोडभाग विकावे लागतात. श्रवणरक्षणाच्या करुणेमागे नफ्याचे हे साधे गणित आहे.

नॉर्वे, फिनलंड यांसारख्या देशांत शिकारी सायलेन्सर सर्रास वापरतात आणि तेथे खुनांचा सुळसुळाट नाही, हा दाखला नेहमी दिला जातो. तो खोटा नाही. पण तेथे बंदूक हातात येण्यापूर्वीच माणसाची कसून तपासणी होते, शिकारीसाठी परीक्षा द्यावी लागते, आणि समाजातील विषमताही तुलनेने कमी आहे. मुळाशी असलेले नियंत्रण मागे ठेवून फक्त शेंड्यावरची मोकळीक उचलायची, हा दाखल्याचा प्रामाणिक उपयोग नव्हे.

आपल्या कायद्याची वाटचाल

आता आपल्या देशाकडे वळू. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी हिंदी जनतेला निःशस्त्र करण्याचे धोरण आखले. त्याचा कळस म्हणजे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ चा शस्त्र कायदा. युरोपियनांना मोकळीक, हिंदी माणसाला परवाना, असा हा उघड वंशभेदी कायदा होता. त्याच वर्षी, त्याच लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी मुस्कटदाबीचा कायदा केला. पहिल्याने हात बांधले, दुसऱ्याने तोंड. मुस्कटदाबीचा कायदा काही वर्षांतच मागे घ्यावा लागला; शस्त्र कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षे राहिला. म्हणूनच राष्ट्रीय चळवळीने त्याला सतत विरोध केला, आणि १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांमध्ये, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही नोंदवला गेला.

स्वतंत्र भारताच्या घटनासमितीत हा प्रश्न पुन्हा आला. मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य हरी विष्णू कामत यांनी डिसेंबर १९४८ च्या आरंभी शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती मांडली. कामत हे आय.सी.एस.ची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या बाजूने उभे राहिलेले, आणि पुढे याच नर्मदेकाठच्या होशंगाबादमधून लोकसभेवर गेलेले गृहस्थ. कराचीच्या ठरावाची त्यांनी सभागृहाला आठवण दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दुरुस्तीला विरोध केला. त्यांचा मुद्दा असा होता की परकीय सत्तेने जनतेला निःशस्त्र केले, तेव्हाची तक्रार रास्त होती. पण स्वतंत्र राज्यात कोणीही उठून बाजारातून हवी ती मारक साधने विकत घेऊ लागला, तर राज्यकारभार चालवणेच अशक्य होईल. दुरुस्ती फेटाळली गेली.

या दोन भूमिकांपैकी एक पुरोगामी आणि दुसरी प्रतिगामी, असे शिक्के मारून मोकळे होणे सोपे आहे. पण ते बरोबर होणार नाही. कामतांच्या मागणीमागे सत्तर वर्षांचा अपमान होता. शोषितांना निःशस्त्र ठेवूनच शोषक राज्य करतात, हा कामगार चळवळीचाही जुना अनुभव आहे. परंतु आंबेडकरांना आपला गाव ठाऊक होता. शस्त्राचा हक्क कागदावर सर्वांना मिळाला तरी विषम समाजात प्रत्यक्ष शस्त्र कोणाच्या घरी जाणार, हे त्यांना सांगावे लागले नसते. ते जमीनदाराच्या घरी जाणार, दलित वस्तीत नव्हे. पुढच्या इतिहासाने हेच दाखवले. बिहारमधील लक्ष्मणपूर-बाथे येथे १ डिसेंबर १९९७ रोजी रणवीर सेनेने ५८ दलितांना ठार केले. बंदुका जमीनमालकांच्या सेनेकडे होत्या, मेलेल्यांकडे नव्हत्या. २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने, खालच्या न्यायालयाने दोषी धरलेल्या सर्वांना निर्दोष सोडले. तेथे बंदुकीचा आवाज साऱ्या देशाने ऐकला, तरी न्याय मिळाला नाही. मग जेथे आवाजच ऐकू येणार नाही, तेथील गरिबाने कोणाकडे पाहावे?

१९५९ साली संसदेने नवा शस्त्र कायदा केला; तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. जुना कायदा राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता, हे त्याच्या उद्देशपत्रिकेतच मान्य केले आहे. या कायद्याच्या कलम २ मध्ये अग्निशस्त्राची व्याख्या आहे आणि आपला आजचा विषय तिच्यात आहे : गोळीबाराचा आवाज वा झोत कमी करण्यासाठी बनवलेले किंवा तशा रीतीने फेरफार केलेले उपकरण हेही अग्निशस्त्रच मानले जाईल. म्हणजे आपल्या कायद्याच्या नजरेत सुटा सायलेन्सर, बंदूक जवळ नसतानाही, स्वतःच बंदूक आहे. १९६२ च्या नियमांनी तर त्याला परिशिष्टातील पहिल्याच वर्गात, निषिद्ध शस्त्रांच्या पंक्तीत बसवले. विनापरवाना तो बाळगणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्यासाठी सामान्यतः दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे, आणि बेकायदा निर्मिती किंवा विक्रीसाठी सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

अमेरिकेत जो वाद शंभर वर्षे चालला, तो आपल्याकडे व्याख्येतील एका पोटकलमात संपला. त्याचे कारण असे की आपल्या घटनेत शस्त्राचा मूलभूत हक्क नाही. विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणात १३ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा फरक पुन्हा स्पष्ट केला. सायलेन्सर शस्त्र की जोडभाग, ही चर्चा त्यामुळे येथे निरर्थक ठरते. जनतेच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल त्या वस्तूवर संसद नियंत्रण घालू शकते. १९४८ च्या डिसेंबरात घेतलेल्या निर्णयाचे हे फळ आहे, आणि ते सांभाळून ठेवले पाहिजे.

कायदा कोणासाठी

परंतु कायद्याच्या पुस्तकात बंदी आहे, एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक होईल. ज्यांच्या अस्थी या घाटावर विसर्जित झाल्या, त्या गांधीजींच्या छातीत गोळ्या घालणारे पिस्तूल बेकायदाच होते. ते ग्वाल्हेरहून मिळवलेले होते. त्या वेळी १८७८ चा कडक कायदा पूर्णपणे अमलात होता. सामान्य माणसाला निःशस्त्र करणारा कायदा खुन्याला आपोआप निःशस्त्र करत नाही.

२०१८ साली याच जबलपूर शहराचे नाव देशभर गाजले. पोलिसांच्या तपासानुसार, सेनेच्या केंद्रीय आयुध डेपोमधून बाद ठरवलेल्या ए.के. ४७ रायफली व त्यांचे भाग चोरून बाहेर काढले गेले, जोडले गेले, आणि बिहारमधील मुंगेरच्या बेकायदा बाजारात पोहोचवले गेले. मुंगेरच्या विहिरींतून रायफली वर काढाव्या लागल्या. पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. या प्रकरणाचा धडा काय? एखाद्या शेतकऱ्याच्या घरातील जुनी भरमार बंदूक शोधून काढणारे राज्य स्वतःच्या कोठारातील रायफलीचा हिशेब ठेवू शकले नाही. सायलेन्सरसारखी वस्तूही जेथे अधिकृतपणे असते ती राज्याच्याच कोठारात, विशेष दलांकडे. तेव्हा नियंत्रणाची सुरुवात तेथूनच झाली पाहिजे.

आणि राज्याच्या हातातील शस्त्राचाही जबाब घेतला गेला पाहिजे. पोलीस चकमकींच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये, महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणातच, स्वतंत्र तपास, गुन्ह्याची नोंद, वापरलेल्या शस्त्रांची तपासणी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. नागरिकाला म्हणायचे की तुझ्या शस्त्राचा आवाज आम्हाला ऐकू आला पाहिजे, आणि स्वतःच्या गोळीबाराबद्दल मौन पाळायचे, हा लोकशाही राज्याचा न्याय असू शकत नाही.

परवान्यांच्या बाबतीतही वर्गभेद स्पष्ट आहे. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीन बंदुकांची मर्यादा घातली. २०१९ साली सरकारने ती एकावर आणण्याचे ठरवले. पण वजनदार मंडळींनी ओरड केली आणि आकडा दोनवर थांबला. तीन बंदुका कोणाच्या घरी होत्या? शेतमजुराच्या खासच नव्हत्या. उलट रानडुकरांपासून पीक वाचवू पाहणारा मंडला-डिंडोरीकडचा आदिवासी परवान्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो.

आवाज हा पहिला साक्षीदार

महाराष्ट्राला या प्रश्नाची झळ सर्वांत जवळून लागली ती गेल्या काही वर्षांत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर घराजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये प्रा. एम. एम. कलबुर्गी, आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरूमध्ये गौरी लंकेश. ही सारी माणसे विचार मांडणारी होती. गोळी झाडणाऱ्यांना त्यांचा आवाज बंद करायचा होता.

दाभोलकर खून खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली. अन्य तिघे सुटले. त्या खटल्यात साक्ष देणाऱ्यांमध्ये महापालिकेचा एक सफाई कामगार होता. सकाळचे काम संपवून तो पुलाजवळ बसला होता. आवाज ऐकून त्याने पुलाकडे पाहिले आणि जे दिसले ते वर्षांनंतर न्यायालयात निर्भयपणे सांगितले. आवाज दाबला गेला असता तर कदाचित त्याने मान वळवलीच नसती. सायलेन्सरवरील बंदीचे सर्वांत मोठे समर्थन कायद्याच्या ग्रंथांत शोधण्याची गरज नाही. ते या एका साक्षीत आहे. सार्वजनिक जागेत झडलेली गोळी ही सार्वजनिक घटना असते. तिचा आवाज ही शेजाऱ्याला, रस्त्यावरच्या कामगाराला, गस्तीवरच्या वनरक्षकाला मिळालेली सूचना असते. ती सूचना खरेदी करून बंद करण्याचा हक्क कोणालाही असू नये.

आणि कान कोणाचे?

राहिला श्रवणरक्षणाचा मुद्दा. तो टाळून चालणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. १४० डेसिबलच्या वरचा एकच आघातही कान कायमचा अधू करू शकतो. नेमबाजीच्या खेळाडूला, प्रशिक्षण घेणाऱ्या शिपायाला, चाचणीच्या मैदानावर तोफगोळे तपासणाऱ्या कामगाराला हा धोका खरोखरच आहे. परंतु त्यावर उपाय आहेत : कानात बसवायचे बोळे, कान झाकणारी आवरणे, आवाज शोषणाऱ्या भिंती, पाळ्यांचे नियमन, आणि ठराविक काळाने श्रवणतपासणी. हे उपाय वापरणाऱ्याचा कान वाचवतात आणि शेजाऱ्याला बहिरे करत नाहीत. तोफगोळ्यांच्या चाचणीला तर सायलेन्सरचा उपयोगच नाही.

आणि कानांची एवढीच काळजी असेल, तर ती बंदूक बाळगणाऱ्या शौकिनापासून का सुरू व्हावी? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात बारा-बारा तास उभा राहणारा विणकर चाळिशीत ऐकू येईनासा होतो. घणांच्या आणि दाबयंत्रांच्या खात्यातला कामगार घरी गेल्यावर बायको-मुलांशी ओरडून बोलतो. आवाजाने येणारे बहिरेपण १९८७ साली कारखाना कायद्यात अधिसूचित व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आले. पण त्याची नोंद किती मालकांनी केली, भरपाई किती कामगारांच्या हाती पडली? कामगारांच्या कानांसाठी ज्यांनी कधी तोंड उघडले नाही, त्यांनी बंदुकीच्या बाजारासाठी श्रवणरक्षणाचे नाव घेऊ नये.

येथे आयुध कामगारांच्या बाजूने एक शंका येऊ शकते. बाजार वाढला तर काम वाढेल, मग निर्बंध कशाला? १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या गेल्या. जबलपूरचे चार कारखाने चार वेगवेगळ्या कंपन्यांत विभागले गेले. कामगार संघटनांनी संपाची हाक दिली तेव्हा त्याच वर्षी आवश्यक संरक्षण सेवा कायदा आणून संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारने घेतला. कंपनी झाली की तिला ताळेबंद दाखवावा लागतो, आणि ताळेबंदाला गिऱ्हाईक लागते. आज खासगी कारखानदारही या क्षेत्रात उतरले आहेत. उद्या देशांतर्गत शस्त्रविक्री वाढवण्यासाठी निर्बंध सैल करा, असा दबाव आला तर आश्चर्य वाटू नये. पण आयुध कामगाराची नोकरी शेजाऱ्याच्या दारात बंदूक पोहोचवून सुरक्षित होणार नाही. संरक्षण उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात ठेवणे, कारखान्यांना पुरेसे काम देणे, आणि त्यांची यंत्रे व कौशल्य वाहने, रेल्वे, शेतीची अवजारे यांसारख्या नागरी उत्पादनासाठीही वापरणे, यातच त्याचे हित आहे.

भूमिका काय असावी

यातून काही निष्कर्ष सरळ निघतात. सायलेन्सरला अग्निशस्त्र मानणारी १९५९ ची व्याख्या कायम राहिली पाहिजे; क्रीडा, आयात किंवा उद्योगाला प्रोत्साहन या नावाखाली तिला भगदाड पाडू देता कामा नये. "बनवलेले किंवा फेरफार केलेले" या शब्दांचा अर्थ लावताना मात्र हेतूची सिद्धता अनिवार्य असावी; एखाद्या लोहाराच्या किंवा गॅरेजवाल्याच्या दुकानातील नळीचा तुकडा दाखवून त्याला तुरुंगात टाकण्याचे हत्यार तो शब्द होऊ नये. राज्याच्या कोठारातील प्रत्येक शस्त्राची आणि जोडभागाची, बाद ठरवलेल्यांसह, नियमित व स्वतंत्र तपासणी व्हावी, आणि तिचा अहवाल संसदेपुढे यावा. परवाने कोणाला, कोणत्या कारणासाठी दिले, याची जिल्हावार आकडेवारी खुली असावी. आणि कारखान्यातील प्रत्येक कामगाराची श्रवणतपासणी हा मालकाच्या मर्जीचा विषय नसून त्याचा हक्क असावा.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही, असे कोणी म्हणेल. तसे असेलही. पण ज्या समाजात शस्त्र आणि संपत्ती एकाच दारी राहतात, तेथे गोळीचा आवाज सर्वांना ऐकू येणे हे दुर्बलांच्या हातातील मोजक्या संरक्षणांपैकी एक आहे. शस्त्रांची गरजच न उरलेला समाज घडवणे हे दीर्घ पल्ल्याचे काम आहे. तोपर्यंत निदान एवढे तरी पाहिले पाहिजे की माणूस मारला जाईल तेव्हा शेजाऱ्याला ते कळेल, तो मान वळवेल, आणि जे पाहिले ते सांगायला न्यायालयात उभा राहील.